२००८ची शॅम्पेन: उघडण्याआधी आणि उघडल्यावर

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचं लग्न २००८ सालचं. फ्रान्समध्ये नोकरी करणाऱ्या धाकट्या दिरांनी त्यांना त्याच सालची शॅम्पेन आणून दिली आहे, शॅम्पेन बनवणाऱ्या बोलँजे या घराण्याची ‘ला ग्रांद आने’. चार महिने ती फ्रिजमध्ये आडवी पडून आहे. ताई लिहितात, “आम्ही दोघं वर्षातून चार-पाचदा वाईन घेतो, पण त्यातलं कळत काही नाही. एवढी महागाची बाटली आमच्या हातून वाया जाऊ नये. उघडायची कशी, चव घेताना शोधायचं काय, आणि लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी २०३३पर्यंत ठेवली तर चालेल का?”

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ठेवू नका, यंदाच उघडा. २००८च्या शॅम्पेनमध्ये २०३३ गाठण्याचा दम आहे, पण तो तिकडच्या खडूच्या तळघरात. तिथं बारा महिने दहा-बारा अंश तापमान असतं आणि उजेड पोचत नाही. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये ती सोय नाही. घरचा फ्रिज काही महिन्यांपुरता ठीक आहे, त्यामुळे आतापर्यंत तुमचं काही चुकलेलं नाही. पण वर्षानुवर्षं तिथं ठेवलं तर कोरड्या हवेनं बूच आक्रसतं आणि आतला वायू हळूहळू निसटतो. बारा अंशांवर चालणारा वाईनचा वेगळा फ्रिज घरी असेल तरच पुढचा विचार करा.

हे मी पोळलेला माणूस म्हणून सांगतोय. मी वीसेक वर्षं दिंडोरी तालुक्यात स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची, वाईन बनवतो. धंद्यात नवा होतो तेव्हा मला १९९६ सालची एक शॅम्पेन भेट मिळाली. वडिलांच्या साठीला उघडू म्हणून खोक्यासकट माळ्यावर ठेवली. नाशिकचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकतो आणि माळा म्हणजे घरातली सगळ्यात गरम जागा. तीन उन्हाळे तिथं गेले. साठीच्या दिवशी बूच जराही आवाज न करता हातात आलं. वाईनचा रंग कोऱ्या चहासारखा होता आणि वास करपलेल्या साखरेचा. वडील कौतुकानं प्यायले. मला आजही त्या बाटलीचं वाईट वाटतं, कारण १९९६ हे साल शॅम्पेनमध्ये फार क्वचित जमून आलेलं साल होतं. द्राक्षात साखरही भरपूर भरली होती आणि आंबटपणाही टिकला होता. असं साल मी माळ्यावर शिजवलं.

याच्या उलट टोकाचं उदाहरण बाल्टिक समुद्रातलं आहे. २०१० साली ओलांड बेटांजवळ एका बुडालेल्या जहाजात पाणबुड्यांना शॅम्पेनच्या १६८ बाटल्या सापडल्या. सुमारे १७० वर्षं त्या समुद्राच्या तळाशी होत्या. त्यांतल्या काही अजून पिण्याजोग्या निघाल्या. काळोख, बेताची थंडी आणि न बदलणारं तापमान, एवढंच त्यांना मिळालं होतं. (त्यांतली साखर मोजली तेव्हा लिटरला १४०-१५० ग्रॅम निघाली. त्या काळी शॅम्पेन किती गोड पीत असत ते यावरून कळतं.)

आता तुमच्या बाटलीबद्दल, कारण आत काय आहे हे कळलं की चव घेताना नजर कुठं ठेवायची ते आपोआप ठरतं.

दुकानात मिळणारी बहुतेक शॅम्पेन कुठल्याही एका सालची नसते. पॅरिसच्या पूर्वेला, साधारण एकोणपन्नास अक्षांशांवर, शॅम्पेन याच नावाचा मुलूख आहे, तिथं ती बनते. इतक्या उत्तरेला द्राक्ष दरवर्षी नीट पिकेलच याची खात्री नसते. म्हणून तिथली घराणी मागच्या काही वर्षांची वाईन राखून ठेवतात आणि नव्या वाईनमध्ये मिसळून दरवर्षी तीच चव साधतात. एखादं साल मनासारखं गेलं तर मात्र फक्त त्या सालच्या द्राक्षांची शॅम्पेन करतात आणि लेबलवर साल छापतात. ती विंटेज. नियमही वेगळे आहेत. साध्या शॅम्पेनला बाटलीत किमान १५ महिने मुरवावं लागतं, विंटेजला किमान ३ वर्षं. चांगली घराणी यापेक्षा कितीतरी जास्त थांबतात.

२००८चा उन्हाळा तिकडे थंड आणि ढगाळ गेला. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कमी, वेलींवर रोगाची भीती. पण सप्टेंबर लागला आणि हवा कोरडी झाली. दिवसा ऊन, रात्री गारठा. साखर सावकाश भरत गेली आणि आंबटपणा द्राक्षात राहिला. आम्हा नाशिककरांना याचं मोल नीट कळतं. आमच्याकडे स्पार्कलिंगची द्राक्षं आम्ही डिसेंबर-जानेवारीतच, पुरती गोड व्हायच्या आत खुडतो, कारण ऊन वाढलं की आठवड्याभरात आंबटपणा उतरतो. शेनिन ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षाचा मणी रोज सकाळी दाताखाली चावून बघायचा आणि आज की उद्या ते ठरवायचं, असं ते काम असतं. २००८मध्ये शॅम्पेनच्या शेतकऱ्याला निसर्गानं वाट पाहायची मुभा दिली. त्या सालच्या वाईन तरुणपणी इतक्या ताठ होत्या की डों पेरिन्यों आणि लुई रोदेरेची क्रिस्टाल या दोन्ही प्रसिद्ध शॅम्पेनची २००९ची बाटली आधी बाजारात आली आणि २००८ची मागून.

तुमच्या बाटलीचं घराणं ज्या गावचं आहे त्याचं नाव मराठी माणसाला लगेच पाठ होतं. त्याचा उच्चार ‘आई’ असाच आहे. मार्न नदीकाठचं हे गाव पिनो न्वार या काळ्या द्राक्षासाठी नावाजलेलं. तुमच्या बाटलीत ७१ टक्के पिनो न्वार आणि २९ टक्के शार्डोने हे पांढरं द्राक्ष आहे, एकूण अठरा गावांतल्या मळ्यांमधून आलेलं. काळ्या द्राक्षाची वाईन पांढरी कशी, असं कुणी विचारलं तर सांगा की रंग सालीत असतो. द्राक्ष हातानं खुडून, न चिरडता, हलक्या दाबानं पिळलं की रस जवळजवळ बिनरंगी निघतो. बहुतेक घराणी हा रस स्टीलच्या टाक्यांत आंबवतात. बोलँजे आपल्या विंटेजसाठी जुनी ओकची पिंपं वापरतं. जुनी अशासाठी की लाकडाची चव उतरू नये, पण लाकडातून किंचित हवा मात्र लागावी. लहानपणी अशी हवा खाल्लेली वाईन पुढं हवेला घाबरत नाही.

मग येतो स्पार्कलिंगचा गाभा. तयार वाईन बाटलीत भरताना लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर आणि थोडं यीस्ट घालतात आणि बाटली बंद करतात. यीस्ट साखर खातं, वायू तयार होतो, जायला जागा नाही म्हणून वाईनमध्येच विरतो. दाब सहा वातावरणांपर्यंत चढतो, गाडीच्या टायरच्या जवळपास तिप्पट. काही आठवड्यांत यीस्टचं काम संपतं, ते मरतं आणि बाटलीत गाळ होऊन बसतं. गंमत पुढंच आहे. त्या मेलेल्या पेशी हळूहळू फुटतात आणि आतली प्रथिनं, शर्करा वाईनमध्ये उतरत राहतात. वाईनला साय आल्यासारखा गुळगुळीतपणा येतो, पावाचा, बिस्किटाचा वास येतो. शिवाय गाळ आत शिरणारा प्राणवायू शोषून घेतो, म्हणून वाईन ताजी राहते. तुमच्या बाटलीनं गाळावर साधारण नऊ वर्षं काढली आहेत.

नंतर बाटल्या रोज थोड्या फिरवत उलट्या करत नेतात, गाळ मानेशी जमतो, मान गोठवतात आणि गाळाचा बर्फाळ गोळा दाबानिशी बाहेर उडवतात. उरलेली जागा थोड्या गोडसर वाईननं भरतात. तुमच्या बाटलीत ही साखर लिटरला ८ ग्रॅम आहे. लेबलवर ‘ब्रुत’, म्हणजे जवळजवळ बिनगोड, असं लिहायला ती १२ ग्रॅमच्या आत असावी लागते. इतक्या आंबटपणापुढं ही साखर जिभेला गोड लागत नाही, फक्त कोपरे घासून देते. गाळ काढला की दुसरं घड्याळ सुरू होतं. राखणदार गेलेला असतो, बुचातून हवा थेंबाथेंबानं आत येते, आणि त्या थोड्या साखरेतून भाजलेल्या दाण्याचे, मधाचे, कॉफीचे वास घडू लागतात. बाटलीच्या मागच्या लेबलवर गाळ काढल्याचा महिना आणि साल शोधा. तेवढ्यावरून वाईन कुठल्या टप्प्यावर आहे याचा अंदाज येतो.

ही दोन घड्याळं वेगळी आहेत हे ज्या बाईंनी जगाला चाखून दाखवलं त्या याच घराण्याच्या. लिली बोलँजे. १९४१मध्ये पती वारले, फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता, आणि बाईंनी कारभार हाती घेऊन तो १९७१पर्यंत चालवला. मळ्यांमधून सायकलवर फिरायच्या. १९६७ साली त्यांनी १९५२ची विंटेज बाजारात आणली, नुकताच गाळ काढलेली. वय मोठं आणि तरीही ताजी, असा तो मेळ होता. ‘आर. डी.’ (‘नुकताच गाळ काढलेली’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांची आद्याक्षरं) या नावानं ती परंपरा अजून चालू आहे, आणि २००८ची आर. डी. म्हणजे तुमचीच वाईन, फक्त गाळावर आणखी काही वर्षं ठेवलेली आणि साखर कमी घातलेली.

इतकं सगळं सांगितलं ते अशासाठी की साध्या शॅम्पेनकडून आपण ताजेपणा आणि फसफस मागतो, आणि विंटेजमध्ये काळानं केलेलं काम चाखायचं असतं. ते काम कळायला तीन गोष्टी लागतात: थंडी थोडी कमी, ग्लास थोडा मोठा आणि संध्याकाळ मोकळी. पाहुण्यांच्या गर्दीत ही बाटली उघडू नका. दोघंच बसा, फार तर दीर-जाऊ. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत सहा-सात ग्लास निघतात, चौघांना पुरेसे.

आदल्या दिवशी बाटली फ्रिजमध्येच उभी करून ठेवा. फ्रिजचं तापमान चार-पाच अंश असतं. साधी शॅम्पेन आठ अंशांवर छान लागते, ही दहा ते बारावर. फार गार असली तर आंबटपणा आणि बुडबुडे एवढंच जाणवतं, वास आत दडून राहतो. पण उघडताना बाटली गारच हवी, कारण कोमट बाटली उसळते आणि तुमचे दोन ग्लास जमिनीवर जातात. म्हणून गार असतानाच उघडा, ग्लासात ओता आणि ग्लासातच चढू द्या. ठाण्याच्या हवेत दहा मिनिटांत फरक पडतो. नंतर बाटली अर्धं पाणी अर्धा बर्फ अशा भांड्यात ठेवा, अधूनमधून बाहेर काढा. नुसत्या बर्फात ठेवू नका, पाण्याशिवाय बाटलीला सगळीकडून गारवा लागत नाही.

उघडताना आवाज काढायचा नाही. वरचा कागद सोडवा, अंगठा बुचावर दाबून ठेवा आणि तारेची कडी सहा अर्ध्या फेऱ्यांत सैल करा. तार पूर्ण काढू नका, सैल तारेसकट बूच मुठीत धरा. त्या क्षणापासून अंगठा हलता कामा नये. सहा वातावरणांचा दाब म्हणजे खेळ नाही, आणि सुटलेल्या बुचानं डोळे गेल्याची उदाहरणं आहेत. बाटली तिरपी धरा, तोंड माणसांकडे आणि ट्यूबलाइटकडे नको. बूच स्थिर ठेवून बाटली फिरवा. बूच वर येऊ लागलं की त्याला उलट खाली दाबत राहा. शेवटी सुस्कारा सोडल्यासारखा ‘स्स’ आवाज यायला हवा. तेवढाच वायू जातो, बाकीचा वाईनमध्ये राहतो. बूच बघून ठेवा. इतक्या वर्षांनंतर ते तळाशी फुगत नाही, खुंटीसारखं सरळ निघतं. घाबरू नका, ते वयाचं लक्षण आहे.

ग्लासबद्दल माझा आग्रह आहे. शॅम्पेनचे म्हणून मिळणारे उंच, अरुंद ग्लास या बाटलीला नकोत. त्यांत बुडबुड्यांची रांग सुंदर दिसते, पण नाक शिरत नाही. आणि चित्रपटात दिसणारी पसरट वाटी तर वास क्षणात उडवून लावते. साधा, पांढऱ्या वाईनचा, पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता ग्लास घ्या. साबणाचा अंश राहिला तर फेस मरतो, म्हणून गरम पाण्यानं खळखळून धुवा आणि स्वच्छ सुती कापडानं पुसा. कापडाचाही उपयोग आहे. रँस विद्यापीठातले जेरार लिजे-बेलेर यांनी वर्षानुवर्षं शॅम्पेनच्या बुडबुड्यांचाच अभ्यास केला आहे. बुडबुडा काचेतून येत नाही, काचेला चिकटलेल्या कापडाच्या सूक्ष्म तंतूंमध्ये अडकलेल्या हवेतून जन्मतो, हे त्यांनी दाखवलं. ओतण्याबद्दलही त्यांच्या चमूनं मोजमाप केलं: ग्लास तिरपा धरून, बिअर ओततात तसं कडेनं ओतलं तर विरलेला वायू जास्त टिकतो. तसंच करा. ग्लास एक तृतीयांशच भरा.

बुडबुडे कमी दिसले तर वाईट वाटून घेऊ नका. वायू वर्षागणिक बुचातून थोडा थोडा जातो. जुन्या विंटेजचे बुडबुडे बारीक, विरळ आणि मऊ असतात. रंग मात्र बघा, पांढऱ्या कागदासमोर धरून. फिकट सोन्यापासून जुन्या सोन्यापर्यंत काहीही चालेल. तपकिरी झाक आली असेल तर प्रवासात किंवा साठवणीत कुठंतरी ऊन लागलं आहे.

आता वास. त्या संध्याकाळी उदबत्ती लावू नका, अत्तर नको, आणि वाढदिवस असला तरी मोगऱ्याचा गजरा तासाभरानं माळा. फोडणीचा वासही निवू द्या. पहिल्यांदा ग्लास न हलवता हुंगा. लगेच ओढून घेऊ नका, छोटे छोटे श्वास. मग हलकेच एक फेरी द्या आणि परत हुंगा. जोरात घोळवायचं नाही, वायू उडून जातो.

काय शोधायचं असं तुम्ही विचारलं आहे. इथं एक प्रसंग सांगतो. आम्ही नाशिकमध्ये काही जण मिळून दर महिन्याला वाईन चाखतो. एकदा एक जुनी विंटेज समोर होती आणि सगळ्यांच्या वहीत एकच शब्द: ब्रिओश. तो फ्रेंच लोणीदार पाव. मी विचारलं, आपल्यातल्या किती जणांनी ब्रिओश खाल्ला आहे? कुणीच नाही. पुस्तकातला शब्द आम्ही वहीत उतरवत होतो. मग निफाडकडचा एक सहकारी, द्राक्षबागायतदार माणूस, डोळे मिटून पुन्हा हुंगत राहिला आणि म्हणाला, “बेरी. लोणी कढवल्यावर पातेल्याच्या तळाला राहते ती.” सगळ्यांनी पुन्हा ग्लास नाकाशी नेले आणि तो वास तिथं होताच. ब्रिओशपेक्षा नेमका. त्या दिवसापासून आम्ही वहीत आपल्या घरातले वास लिहितो. तुमच्या नाकाकडे चाळीस वर्षांचं स्वयंपाकघर आहे, ते कुठल्याही तक्त्यापेक्षा मोठं आहे.

म्हणून मी फक्त दिशा सांगतो. या सालची वाईन आधी आंबट फळांची बाजू दाखवते: लिंबाची साल किसतानाचा वास, हिरवं सफरचंद, थोडं पेअर. पाच-दहा मिनिटांनी त्यामागून बेकरी येते, पहाटे भट्टीतून पाव निघतानाची, मग भाजलेला काजू, बेरी, सुकं जर्दाळू, मध. पिंपामुळे अक्रोडाच्या सालीसारखा एक कडवट-तुरट वास असू शकतो, तो दोष नाही. आणि सगळ्यांच्या तळाशी ओला खडू, शाळेत फळा पुसायचं फडकं पाण्यात पिळल्यावर येणारा. हा वास मातीतल्या खडूतून थेट येतो असं सांगतात ते विज्ञानाला धरून नाही, पण वास खरा आहे.

पहिला घोट छोटा घ्या आणि त्यावर मत बनवू नका. तो तोंड धुण्यापुरता. दुसरा घोट जिभेवर पाच-सहा सेकंद धरा. बुडबुडे टोचतात की साय फुटल्यासारखे विरतात? चांगल्या विंटेजमध्ये फेस आणि वाईन वेगवेगळी जाणवत नाहीत. मग गालांच्या आतून लाळ सुटेल. ती आंबटपणाची खूण. २००८मध्ये हा आंबटपणा कण्यासारखा आहे, वाईन त्याच्या आधारानं उभी आहे. तो फळाच्या आत मुरलेला वाटतो की सुटा, कच्चा वाटतो, एवढंच तपासा. मुरलेला वाटला तर वाईन वयात आली आहे. गिळल्यावर मनात आकडे मोजा. चव दहाच्या पुढं रेंगाळली तर छान. पंधराच्या पुढं गेली तर गप्प बसा आणि तिला संपू द्या. सर्वात शेवटी काय उरतं याकडे माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं: फळ आधी जातं, मग भाजलेपण, आणि एक खारट लहर राहते, समुद्रावरून आल्यावर ओठांवर असते तशी. ती मिळाली की माझा विश्वास बसतो की ही मोठी वाईन आहे.

आणि मग थांबा. पहिला ग्लास संपवायला अर्धा तास घ्या. ग्लासात थोडी वाईन ठेवून पाऊण तासानं पुन्हा हुंगा. फसफस जवळजवळ गेलेली असेल आणि तरीही ती उत्तम पांढऱ्या वाईनसारखी लागली पाहिजे. माझ्या लेखी ही विंटेजची खरी परीक्षा. बुडबुडे काढून घेतल्यावर जे उरतं ते कसं आहे, हे तिथं कळतं. कित्येक महागड्या बाटल्या या परीक्षेत नापास होताना मी पाहिल्या आहेत.

पहिला ग्लास रिकाम्या तोंडानं घ्या. दुसऱ्याबरोबर खारट आणि तळलेलं: खारे काजू, मिरची न घातलेला साबुदाणा वडा, रव्यात घोळवून तळलेला पापलेटचा तुकडा. तेलकटपणा आंबटपणानं कापला जातो आणि मीठ वाईनचं फळ पुढं आणतं. तुमच्याकडे शाकाहार असेल तर लोण्यात परतलेली अळंबी, नुसतं मीठ आणि मिरपूड टाकून. जुन्या शॅम्पेनला अळंबीइतकं जवळचं काही नाही. तिखट टाळा, मिरचीवर बुडबुडे सुयांसारखे लागतात. आणि केक वाईन संपल्यावर कापा. गोडामागून प्यायलात तर हीच वाईन आंबट पाण्यासारखी वाटेल आणि दोष बिचाऱ्या बाटलीला जाईल.

बाटलीत खरंच दोष असला तर? ओल्या गोणपाटाचा, भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला आणि दहा मिनिटांनी वाढला, तर बूच बाधलेलं आहे. त्याला इलाज नाही आणि त्यात तुमची चूक नाही. सुरुवातीला काडेपेटीसारखा वास आला तर चिंता नको, तो हवेनं जातो. शिजलेल्या कोबीचा आला तर बाटलीला उजेड बाधला आहे. फिकट काचेच्या बाटल्यांना हा धोका जास्त असतो, म्हणूनच क्रिस्टालची पारदर्शक बाटली रंगीत कागदात गुंडाळून विकतात.

एक सूचना ऐच्छिक आहे, पण माझ्या मनापासूनची. आठवडाभर आधी नाशिकची एखादी चांगली ब्रुत आणा, लेबलवर ‘ट्रॅडिशनल मेथड’ लिहिलेली, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली. ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात पिपर-हाइडसिक या शॅम्पेन घराण्याचं तांत्रिक साहाय्य घेऊन ती सुरू केली आणि ‘ओमर खय्याम’ नावानं ती वाईन परदेशी पाठवली. नाशिकची ब्रुत तरुण असते, फळ समोर, गाळाचा वास हलका. ती त्याच ग्लासात, त्याच तापमानाला, अशीच सावकाश प्या. बूच काढायचा सराव होईल आणि आठवड्यानं २००८ ओठाला लावाल तेव्हा नऊ वर्षांच्या गाळानं काय केलं ते मला शब्दांत सांगावं लागणार नाही.

उरलीच तर बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून ठेवण्यात अर्थ नाही, त्यानं काही होत नाही. शॅम्पेनचं पकडीचं झाकण दोन-तीनशे रुपयांत मिळतं, ते लावून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी फेस कमी, पण मधाचा वास कधीकधी आदल्या रात्रीपेक्षा जास्त खुललेला असतो. आणि ग्लास रात्री धुऊ नका. सकाळी चहाच्या आधी रिकाम्या ग्लासात नाक घालून बघा, दोघांनीही, आणि एकमेकांना न विचारता कागदावर लिहा. काय लिहिलंत ते मला जरूर कळवा.